आधी रद्दीवाल्याला थांबवा

काकू, सादर नमस्कार.

रामबागेतलं आमचं जुनं घर बिल्डरला दिलंय. दिवाळीआधी रिकामं करून द्यायचं आहे, म्हणून महिनाभर मी आणि वहिनी माळे उपसतोय. मागच्या आठवड्यात आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आजोबा होळकर सरकारच्या हिशेब खात्यात होते, १९७४ मध्ये गेले. पेटीत त्यांचा फेटा, चष्म्याचं घर आणि त्या घरात चष्म्याऐवजी एक पेन. गडद तपकिरी, सोनेरी टोपणाचं. टोपणावर इंग्रजीत ‘पार्कर ५१’ आणि ‘१/१०’ असं काहीतरी कोरलंय. निब जवळजवळ झाकलेली, नुसतं टोक बाहेर. दोन्ही शेवटांना खड्यासारखा गोल तुकडा. मागचा भाग फिरवला तर निघतो, आत एक दांडी आहे. भिंगातून पाहिलं तर एक बारीक ६ चा आकडा दिसतो. अंगावर आजोबांची इंग्रजी आद्याक्षरं आणि ‘२८-५-४८’.

घरात सगळे म्हणतात, तुकोजीराव महाराजांनी गादीवर असताना खूश होऊन दिलेलं पेन. भाच्याने नेटवर पाहिलं, तिथे असंच पेन चार लाखांना आहे. सराफ्यात नेलं तर त्यांनी टोपण कसाला लावलं आणि म्हणाले, सोनं नुसतं वरून आहे, निबेचे दीड हजार देतो. भाच्याने फोटो टाकले तर त्याच संध्याकाळी एकाचा फोन. पंचेचाळीस हजार देतो, कुरियरवाला पाठवतो, आधी कोड स्कॅन करा म्हणाला. पुण्याचा भाऊ म्हणतो, ५१ म्हणजे १९५१ चं, फार जुनं नाही, विकून अर्धे अर्धे करू. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते म्हणतात, राहू दे ना, काय खायला मागतंय का? आत्या देवासला असते, तिला अजून सांगितलेलं नाही.

पेटीत आणखी दोन पेनं आहेत, एक हिरवं हिरो आणि एक जाड काळं. बाकी लाल कापडात बांधलेले दोन रुमाल, म्हणजे मोडी लिपीतल्या कागदांचे गठ्ठे, ते कोणालाच वाचता येत नाहीत. शनिवारी रद्दीवाला येणार आहे, त्याला देऊन टाकू.

पेन विकावं की ठेवावं?

– एक वाचक, रामबाग, इंदूर


ताई,

पुढचं वाचण्याआधी रद्दीवाल्याला फोन करा. शनिवारी येऊ नको म्हणावं. वर्तमानपत्रं, पुठ्ठे, भाच्याची जुनी गाइडं खुशाल द्या, पण ते दोन रुमाल त्याच्या तराजूवर चढता कामा नयेत. तुमचं पत्र बुधवारी हाती आलं म्हणून रांगेतली चार पत्रं मागे ठेवून हे उत्तर लिहायला घेतलंय. पेनाला घाई नाही, ते पन्नास वर्षं चष्म्याच्या घरात निवांत पडून होतं.

फोन केलात? आता बोलू.

तुम्ही पेनाचं वर्णन छान केलंय. भिंग घेऊन बसलात म्हणून मला इथून बरंच सांगता येतंय. भावाची चूक आधी काढते. ५१ हा सालाचा आकडा नव्हे. पार्कर कंपनी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावी १८८८ मध्ये सुरू झाली. हे पेन तयार झालं १९३९ मध्ये, कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणून नाव ५१. बाजारात आलं १९४१ मध्ये. तोवरच्या पेनांची निब उघडी असायची आणि जरा विचार करत बसलं की शाई वाळायची. यांनी निबेला पदर दिला, टोक तेवढं बाहेर ठेवलं. पुढे कितीतरी पेनं याच चालीवर निघाली, तुमच्या पेटीतलं हिरो त्यातलंच. शांघायचं ते. पार्करची नक्कल म्हणून हिणवतात, पण लिहायला गोड असतं. ते भाच्याला देऊन टाका आणि विषय संपवा.

आता तुमच्या पेनाचं वय. मागचं टोपण फिरवल्यावर आत दांडी दिसते ना? ती दाबून शाई ओढायची, ही जुनी रचना. १९४८ मध्ये कंपनीने ती बदलली आणि पिशवी चिमटून शाई भरायची सोय आणली. म्हणजे पेन १९४१ ते १९४८ च्या मधलं. त्या काळी ते अंगावर सालाचा शेवटचा आकडा छापत. ६ चा अर्थ १९४६ असाच लागतो, कारण १९३६ मध्ये हे पेन नव्हतं आणि १९५६ मध्ये ती दांडी नव्हती. दोन्ही शेवटांना खडे असणं हेही सुरुवातीच्या वर्षांचंच लक्षण. पेन अस्सल आहे याबद्दल मला तरी शंका नाही.

पण मग तुकोजीराव महाराजांचं काय करायचं? तिसरे तुकोजीराव १९२६ मध्येच गादीवरून उतरले. त्यानंतर पंधरा वर्षांनी जे पेन बाजारात आलं, ते गादीवर बसून त्यांनी कसं दिलं असेल? घरातल्या गोष्टी अशाच वाढतात. आमच्याकडेही एक तांब्या होता, तो म्हणे अहिल्याबाईंच्या मुदपाकखान्यातला. त्याच्या बुडावर मुरादाबादचा शिक्का निघाला तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तुमच्या घरी हा बॉम्ब तुम्हीच टाका, माझं नाव सांगू नका.

महाराज गेले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, कारण अंगावर कोरलेली तारीख मला जास्त मोलाची वाटते. २८ मे १९४८. त्या दिवशी संस्थानं मिळून झालेल्या मध्यभारत राज्याचं उद्घाटन झालं. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, आपले यशवंतराव होळकर उपराजप्रमुख, आणि होळकर संस्थान, जसं होतं तसं, संपलं. हिशेब खात्यातला एक माणूस, ज्याची हयात ‘होळकर सरकार’ असा मथळा लिहिण्यात गेली, त्याच्या पेनावर नेमकी हीच तारीख आहे! पेन १९४६ चं, नाव घातलं १९४८ मध्ये. हे कोणी दिलं? खात्यातल्या सोबत्यांनी वर्गणी काढून? साहेबाने? का आजोबांनी स्वतःच घेऊन तारीख कोरून घेतली, आठवण म्हणून? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. सांगू शकेल असा एकच साक्षीदार उरलाय आणि तो लाल कापडात बांधलेला आहे. त्याला तुम्ही किलोवर विकायला निघाला होतात.

पैशाचं बोलू. ते बोलल्याशिवाय पुण्याहून येणारे फोन थांबायचे नाहीत.

भाच्याने पाहिलेले चार लाख ही मागितलेली किंमत. मागायला काय जातं? आपल्याकडे स्कीम ७८ वसाहतीत प्लॉटवाले काय वाट्टेल ते मागतात, रजिस्ट्री कितीला होते ते बघायचं असतं. नेटवरच्या लिलावांतही विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी काढून बघता येते. भाच्याला ती उघडायला सांगा. त्यात याच पेनाचे, याच भरणीचे, सोनेरी टोपणाचे दहा-बारा व्यवहार बघायचे, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्यायचा. पार्कर ५१ ही दुर्मिळ वस्तू नाही. कोट्यवधी विकली गेली, जगभर लोकांच्या पेट्यांतून अजून निघताहेत. तुमच्यासारखं पेन काही हजारांचं. फार देखणं आणि चालतं असेल तर वीस-पंचवीस हजारांच्या घरात. लाखांचे आकडे असतात ते भरीव सोन्याच्या टोपणांचे, अगदी पहिल्या वर्षीच्या किंवा क्वचित रंगांच्या पेनांचे, नाहीतर ज्यांच्या मालकाचं नाव इतिहासात आहे त्यांचे. भाऊ वाटणी करून मोकळे झालेत. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

सराफ्यातला माणूस खोटं बोलला नाही. त्याला पेन कळत नाही, सोनं कळतं. टोपणावरच्या १/१० चा अर्थ, धातूच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा सोन्याचा पत्रा वर चढवलाय. निब चौदा कॅरेटची असते, पण वजन ग्रॅमभरही नाही. त्याच्या हिशेबाने दीड हजार बरोबर. मात्र त्याला टोपण कसाला लावू दिलंत, हे वाचून मी कपाळावर हात मारला. आता उन्हात धरून बघा, काठाजवळ केसाएवढा मंद ओरखडा दिसेल. घेणारा भिंगातून आधी तोच पाहणार आहे. सराफ्यात रात्री खाऊगल्ली भरते तेव्हा तळलेलं गराडू खायला जा, पेन घेऊन दिवसा पुन्हा जाऊ नका.

पंचेचाळीस हजारवाल्याला उत्तरही देऊ नका. वस्तू न पाहता, भाव न करता, बाजारापेक्षा दुप्पट देणारा आणि वर कोड स्कॅन करायला लावणारा माणूस पेन घ्यायला आलेला नाही. पैसे घेताना कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन तर मुळीच नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. भाच्याने टाकलेल्या फोटोत घराचा पत्ता, फोन नंबर दिसत असेल तर ते आजच काढून टाकायला सांगा.

आता कोरलेल्या नावाची गंमत बघा. संग्राहकाला बहुधा कोरं पेन हवं असतं. अनोळखी माणसाची आद्याक्षरं असली की किंमत उतरते. कोणी शहाणा तुम्हाला सांगेल, घासून काढा, चांगले पैसे येतील. मुळीच नाही. घासलं की अंगाला खोलगट वण पडतो, चकाकी वेगळी दिसते, आणि मग ते पेन ना तुमच्या कामाचं ना त्याच्या. बाजारात ज्या चार अक्षरांनी भाव पडतो, तीच अक्षरं नसती तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

नाव-तारखेने भाव चढतोही, पण त्याला कागद लागतो. आपल्याच गावातलं बघा. यशवंतरावांनी माणिक बाग राजवाड्यासाठी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून आणि युरोपातल्या नामांकित कारागिरांकडून फर्निचर घडवून घेतलं. १९८० मध्ये त्याचा मोनॅकोत लिलाव झाला. तिथे एकेका खुर्चीमागे ती घडवणाऱ्याचं नाव आणि राजवाड्याचा पत्ता उभा होता. नाहीतर खुर्ची ती खुर्चीच, चार पायांची. (त्या राजवाड्यात आता करखात्याचं कार्यालय बसतं. लोक तिथे नोटिशीला उत्तर द्यायला जातात आणि जिना बघत उभे राहतात.) तुमच्या पेनामागेही काही उभं करायचं असेल तर ते आजोबांच्याच हस्ताक्षरात असणार. तोवर कोणाला ‘महाराजांनी दिलेलं’ असं सांगून भाव वाढवू नका. एकतर ते खरं नाही, आणि पेनं गोळा करणारी माणसं तारखा तोंडपाठ ठेवतात. एक गोष्ट खोटी निघाली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

विकायचं की ठेवायचं हे ठरवणार कोण, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, म्हणून मी विचारते. ताई, पेन तुमचं नाही. भावाचंही नाही. आजोबा १९७४ मध्ये गेले, मृत्युपत्राचा तुम्ही काही उल्लेख केलेला नाही. १९५६ च्या वारसा कायद्याने त्यांच्या स्वतःच्या वस्तूंवर मुलाचा जेवढा हक्क तेवढाच मुलीचा. म्हणजे बाबा आणि देवासची आत्या. तुम्ही आणि भाऊ अर्धे अर्धे करायला निघालात, आणि जिचा खरा वाटा आहे तिला अजून फोनही गेलेला नाही! देवास काही लांब नाही. फोन नको, सकाळच्या बसने पेन घेऊन जा. त्यांनी हे पेन वडिलांच्या खिशाला पाहिलं असणार. १९४८ चा मे त्यांना आठवत असेल किंवा नसेलही, पण वडील संध्याकाळी घरी येऊन काय बोलायचे हे मुलींच्या लक्षात राहतं. आणि जाताना बाबांनाही घेऊन जा. ‘काय खायला मागतंय का’ हे चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं उत्तर वाटतं तेवढं उडवाउडवीचं नसतं. त्यांना कोणी बसवून नीट विचारलंय का?

पेन न्यायच्या आधी जरा स्वच्छ करायचं असेल तर एवढंच करा. वाटीत साधं गार पाणी घ्या आणि निबेकडचा तेवढा भाग बुडवून ठेवा, सोनेरी कडी बाहेर राहील एवढंच पाणी. थोड्या वेळाने वाटीच्या तळाशी निळी रेघ उतरायला लागेल, धुरासारखी हळूहळू. पाणी बदला, पुन्हा ठेवा. दोन-तीन दिवस लागतात. ती शाई आजोबांनी शेवटची भरलेली आहे, म्हणून पहिली वाटी मोरीत ओतायच्या आधी बाबांना दाखवा. मागची दांडी दाबू नका. आतला रबराचा पडदा इतक्या वर्षांत वाळून कडक झालेला असतो, दाबलात की फाटतो. तो जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून बदलून मिळतो. निबेवरचा पदर पकडीने ओढायचा नाही, तो चिकटवलेला असतो. टोपणाला पितांबरी, टूथपेस्ट, ब्रासो काही लावायचं नाही. सोन्याचा थर पातळ असतो, एकदा पितळ वर आलं की परत जात नाही. मऊ सुती कापड, बास.

जाड काळ्या पेनाला तर पाणीही लावू नका. ते बहुधा एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं असेल. माझ्या वडिलांचं तसलं पेन मी हौसेने गरम पाण्यात धुतलं होतं. काळं कुळकुळीत पेन पाण्यातून निघालं ते शेवाळी तपकिरी होऊन. वडील काही बोलले नाहीत, त्याच पेनाने लिहीत राहिले, ते जास्त लागलं. तुमच्या काळ्या पेनावर कोरडं भिंग धरून अक्षरं शोधा. ‘रत्नम’ आणि ‘राजमहेंद्री’ दिसलं तर मला लगेच कळवा. आंध्रातल्या त्या गावी रत्नम यांनी १९३२ पासून स्वदेशी पेनं घडवली. गांधीजींना एक भेट पाठवलं, त्याची पोच देणारं पत्र गांधीजींनी १९३५ मध्ये लिहिलं. पार्करच्या नादात ते हिरोसोबत भाच्याच्या दप्तरात जायला नको.

आता रुमाल.

मोडी येत नाही म्हणून हे कागद मुके आहेत असं समजू नका. मोडीतली अक्षरं अनोळखी वाटतात, कारण लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग हात न उचलता पळत सुटायचा. पण आकडे आपल्या ओळखीचेच असतात. तुम्ही आणि वहिनी दुपारी खिडकीपाशी बसून नुसते आकडे वाचत जा. जिथे ४८ दिसेल तो कागद काढू नका, तिथे कोऱ्या कागदाची चिठ्ठी खोचा. गठ्ठ्यांचा क्रम मोडायचा नाही, जसे बांधलेत तसेच राहू द्या, कारण बांधणाऱ्याने काहीतरी हिशेबाने बांधलेले असतात. चुरगळलेल्या कागदावर इस्त्री नको, फाटलेल्याला चिकटपट्टी नको, आणि कोणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन नको. एकेका पानाचा दिवसाउजेडी सरळ वरून फोटो घ्या, फोनचा चालतो.

मग हे फोटो भावाला पाठवा. ते पुण्यात आहेत ना? भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून तिथे आहे, मोडी जाणणारी माणसं तिथे भेटतात. वाटणीची एवढी घाई आहे तर एक शनिवार तिथे घालवू देत. इकडे जवळ हवं असेल तर मंदसौर जिल्ह्यात सीतामऊला नटनागर शोध संस्थान आहे, माळव्यातल्या मराठी-मोडी कागदांची त्यांना सवय आहे. कदाचित निघेल काय, तर दूधवाल्याचा हिशेब, आत्याच्या लग्नाचा खर्च, कोणाला उसने दिलेले पाच रुपये. निघू दे की. १९४० च्या इंदुरात हिशेब खात्यातला माणूस घर कसं चालवत होता, तूप काय भावाने घेत होता, हे राजवाड्याच्या दफ्तरात सापडत नाही. आणि खात्याचेच कागद निघाले, घरी आणलेले, तर मग त्यांची जागा संस्थेतच आहे. देताना पोच घ्या आणि फोटोंचा संच घरी ठेवा.

कायद्याची एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय पुरावशेष ठरत नाही. तुमचं पेन अजून ऐंशीच्या आसपास, म्हणजे तिथे त्याचा नंबरच लागत नाही. पण ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरतात. रुमालातले कागद आजोबांच्या नोकरीच्या काळातले असतील, तर ती मर्यादा त्यांनी कधीच ओलांडली. तेव्हा कोणी परदेशी पाठवायची गोष्ट काढली तर पेनाला हरकत नाही, पण कागदांना ती सोपी नाही.

तर विकावं का? माझं मत विचाराल तर पेन विकायला माझी काही हरकत नाही. पूर्वजांची प्रत्येक वस्तू जपलीच पाहिजे असं मी मानत नाही. सासऱ्यांचा ग्रामोफोन मी विकला, त्या पैशांत मिक्सर आणला, आणि आजवर एकदाही रुखरुख लागली नाही. मिक्सर अजून चालतो. पेन फ्लॅटच्या माळ्यावर पुन्हा चष्म्याच्या घरातच जाणार असेल, तर ज्याला त्याने लिहायची हौस आहे त्याच्याकडे गेलेलं बरं. फक्त क्रम बदला. आधी आत्या आणि बाबा, मग १९४८ चे कागद, मग दुरुस्ती, आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाईक. घर दिवाळीला द्यायचंय, पेन नाही. ते पर्समध्येही मावतं.

आत्या-बाबांनी विका म्हटलं तर स्वतःहून घरी चालून आलेल्याला देऊ नका. मुंबई, पुणे, दिल्लीकडे फाउंटन पेनवाल्यांचे गट आहेत, मेळावे भरतात, तिथे चार जणांना दाखवा. निब, ६ चा आकडा, नाव-तारीख आणि तो कसाचा ओरखडा, सगळ्यांचे स्पष्ट फोटो द्या. दोष तुम्हीच आधी सांगितलात की घासाघीस निम्मी कमी होते. पैसे खात्यात दिसल्यावरच, स्पीड पोस्टाने, विमा उतरवून. पॅक करताना व्हिडिओ काढा.

आणि ठेवायचं ठरलं तर आत्याला विचारा, कोणाकडे ठेवायचं. मला वाटतं त्या बाबांचं नाव घेणार नाहीत, तुमचं घेतील. माळ्यावर चढून पेटी उतरवली ती तुम्ही.

जाता जाता, पेटी रिकामी झाली की तळ बघा. जुनी माणसं तळाला कागद अंथरल्याशिवाय पेटी भरत नसत, आणि अंथरायला घेतलेला कागद बहुधा त्याच आठवड्यातला असायचा. तो ओढून काढू नका, पत्र्याला चिकटला असेल. आधी तारीख वाचा.